माणसं बसली की होडी उचलत नाही: छोट्या आउटबोर्डला पंखा निवडताना

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्ली-देवबागला गर्दी सुरू झाली की ही तक्रार हमखास कानावर येते. सकाळी रिकामी होडी मस्त पळते. मग सहा पर्यटक चढतात आणि थ्रॉटल पूर्ण दिलं तरी नाळ (होडीचं पुढचं टोक) आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात रुतलेला, मशीन घुमतंय आणि होडी पाणी ढकलत बसलीय. "मशिनीत दम रवलो नाय" असं निदान होतं. प्लग बदलले जातात, कार्ब्युरेटर उघडला जातो, कुणीतरी शेजारच्या होडीचा पंखा मागून आणतो. थोडे दिवस बरे जातात, मे महिन्यात पुन्हा तेच.

अशा वेळी बहुतेकदा मशीन, म्हणजे होडीच्या मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, ठीकठाक असतं. त्याच्यावर रोजच्या वजनाला न झेपणारा, जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पुढे जाऊ पाहणारा, पंखा (प्रोपेलर) बसवलेला असतो. पण याची उलटी बाजूही आहे. तुंबलेला फिल्टर, शेवाळलेला तळ, चुकीच्या उंचीवर बसवलेलं मशीन अशा दुसऱ्याच दुखण्यांपायी चांगला पंखा बदलणारेही कमी नाहीत. दोन्ही बाजूंचा खर्च वाचवायचा तर एक आकडा हवा: नेहमीचं वजन घेऊन, पूर्ण थ्रॉटलला मशीन किती आरपीएम (मिनिटाला फेरे) गाठतं. तो हातात नसेल तर पंख्याच्या दुकानात जाऊच नये, असं माझं मत आहे. दुकानदार विचारेल "किती एचपी?" आणि त्या एचपीला जो पंखा जास्त खपतो तो काढून देईल. त्यात त्याचा दोष नाही, तुमची होडी त्याने पाहिलेली नसते.

आकडा कसा काढायचा

प्रत्येक आउटबोर्डच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलची आरपीएम मर्यादा दिलेली असते. जुन्या टू-स्ट्रोकला ती साधारण ४५०० ते ५५०० असते, आताच्या बऱ्याच फोर-स्ट्रोकला ५००० ते ६०००. तुमच्या मॉडेलची नेमकी मर्यादा पुस्तिकेतूनच घ्या, शेजाऱ्याकडून नको. मशीन बनवणाऱ्याची अपेक्षा अशी की पूर्ण थ्रॉटलला आरपीएम या दोन आकड्यांच्या मध्ये पडावा. मी त्यात एक भर घालतो: भरलेल्या होडीने किमान खालचा आकडा तरी ओलांडलाच पाहिजे आणि रिकामी होडी वरच्या आकड्याबाहेर जाता कामा नये.

हातात दांडा धरून चालवायच्या छोट्या मशिनांना आरपीएम मीटर नसतो. त्यांच्यासाठी प्लगच्या वायरला गुंडाळायचा डिजिटल टॅकोमीटर मिळतो, महाग नसतो. त्यात एक खोच आहे. कित्येक फोर-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये प्लग दर फेऱ्याला ठिणगी टाकतो, एका फेऱ्याआड नाही. मीटरची सेटिंग चुकली तर आकडा थेट दुप्पट नाहीतर निम्मा दिसतो. मंद चालीवर आधी खात्री करून घ्या. गरम झालेलं मशीन ७०० ते ९००च्या आसपास मंद चालत असताना मीटर १६०० दाखवत असेल तर सेटिंग बदलायला हवी.

चाचणी सकाळी घ्यावी, दुपारचा खारा वारा सुटायच्या आत, सपाट पाण्यात. टाकी रोज असते तेवढी भरलेली. आणि माणसं खरोखर बसलेली, ओळखीचीच बोलवा, परवान्यावर लिहिलेल्या संख्येच्या आत. वाळूच्या गोणी ठेवून भागतं, पण गोण्या मधोमध राहतात आणि माणसं कडेला नाहीतर मागे बसतात, त्यामुळे होडीचा तोल वेगळा पडतो. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधा. पूर्ण थ्रॉटल देऊन आकडा स्थिर होईपर्यंतच थांबा, लिहून घ्या, कमी करा. मोबाइलच्या जीपीएसवर वेगही लिहा, पण तो ओढीच्या बाजूने एकदा आणि ओढीविरुद्ध एकदा असा घेऊन सरासरी काढा. कर्ली नदीच्या मुखाशी सुकतीचा (ओहोटीचा) जोर एवढा असतो की एकाच दिशेच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. मग हेच सगळं एकट्याने, रिकाम्या होडीत. चार आकडे झाले: भरलेलीचे दोन, रिकामीचे दोन.

आकडे काय बोलतात

आरपीएम मर्यादेच्या खाली आणि वेगही कमी असेल तर मशीन दबलंय. पिच जास्त आहे, किंवा मशीनला पूर्ण ताकद मिळत नाही, किंवा तळाला काहीतरी ओढून धरतंय. आरपीएम भरपूर आणि वेग कमी असेल तर पंख्याची पाण्यावरची पकड सुटतेय. आरपीएम आणि वेग दोन्ही ठीक पण दांडा हाताला झिणझिण्या आणतोय, तर पात वाकलंय किंवा शाफ्टला काही गुंडाळलंय. या तिन्ही वाटा वेगळ्या आहेत. पहिल्या वाटेवरचा उपाय दुसऱ्या वाटेवर लावला की दुखणं वाढतं, आणि बंदरावर नेमकं हेच चालतं, कारण "होडी पळत नाही" ही तक्रार दोन्हीकडे सारखीच ऐकू येते.

दबून चाललेलं मशीन लोकांना फारसं धोक्याचं वाटत नाही. आवाज खाली असतो, कुणाला ते शांत चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात थ्रॉटल पूर्ण उघडं, इंधन पूर्ण जातंय आणि फेरे मात्र कमी, म्हणजे प्रत्येक फेऱ्यावर जास्त ओझं. सिलिंडरमध्ये काजळी धरते, उष्णता वाढते, टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनवर बेतू शकतं. उलट बाजूला कमी पिचचा पंखा लावून मशीन मर्यादेबाहेर पळवलं तर निदान कानाला कळतं, आणि नव्या मशिनांत आरपीएम रोखणारी सोय असते.

पिच म्हणजे नक्की किती

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, बहुतेकदा हबवर (मधल्या गाभ्यावर), इंचात. पहिला व्यास, दुसरा पिच. यामाहाच्या पंख्यावर पुढे एक अक्षरही असतं, तो पंखा कोणत्या गिअरकेससाठी (पाण्याखालच्या गिअरच्या डब्यासाठी) आहे ते त्यावरून कळतं. पिच १३ म्हणजे पाणी घट्ट असतं आणि काहीच घसरलं नसतं तर पंखा एका फेऱ्यात १३ इंच पुढे गेला असता. करूळ घाट चौथ्या गिअरमध्ये चढायला गेलं की गाडीचं जे होतं तेच भरलेल्या होडीचं जास्त पिचवर होतं. वरचा वेग कागदावर मोठा, पण तिथवर पोचायची ताकदच उरत नाही.

हिशोब सोपा आहे. आरपीएमला गिअर रेशोने (पंख्याच्या एका फेऱ्याला मशीनचे किती फेरे, त्या आकड्याने) भागा, पिचने गुणा आणि ०.००१५२४ ने गुणा. येईल तो किलोमीटर प्रतितास कागदी वेग. समजा १६ फुटी फायबरची होडी आहे, ४० एचपीचं फोर-स्ट्रोक, मर्यादा ५००० ते ६०००, गिअर रेशो २.००, पंख्याचा पिच १३. रिकामी असताना ५५०० आरपीएम. सहा जण बसले की ४७०० आणि वेग जेमतेम २०. कागदी वेग निघतो ४६.६. म्हणजे पंख्याचं निम्म्याहून जास्त काम, ५७ टक्के, घसरण्यात गेलं. नीट उचललेली, म्हणजे वेगात पाण्याच्या वर येऊन सरकणारी, हलकी होडी साधारण १० ते २० टक्के घसरते, वजनदार असेल तर त्याहून थोडी जास्त. ५७ टक्के याचा अर्थ होडी पाण्यावर आलेलीच नाही, स्वतःचीच लाट चढत बसलीय.

आता ढोबळ नियम असा की पिच एक इंच कमी केला की आरपीएम १५० ते २००ने वाढतो. ११ पिच लावला तर भरलेली होडी ५००० ते ५१०० वर येईल आणि रिकामी ५८०० ते ५९०० वर. दोन्ही टोकं मर्यादेत बसली. ५१०० ला कागदी वेग ४२.७, पण आता होडी उचलली असल्यामुळे प्रत्यक्षात ३३-३४ मिळायला हरकत नाही. पिच कमी केला आणि वेग वाढला, हे ऐकून बरेच जण मान हलवतात. त्यांना चाचणीच दाखवावी लागते.

दिवसभर भरूनच फेऱ्या मारणाऱ्याने १० पिचचाही विचार करावा. भरलेली ५१५० ते ५३०० वर चालेल, मशीन मोकळं राहील. किंमत एवढीच की रिकामी परतताना थ्रॉटल थोडं मागे ठेवायचं भान हवं, कारण तेव्हा ती ६००० ओलांडू शकते. केळ्याच्या आकाराची ती रबरी होडी ओढणाऱ्यांनी आकडे घेताना ती मागे बांधूनच घ्यावेत. त्या ओढीत एक-दोन माणसांच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताकद जाते.

एक गोष्ट मात्र पंख्याने सुटत नाही. होडी, मशीन, माणसं, इंधन, नांगर, सगळं मिळून एका एचपीवर १८ ते २० किलोपेक्षा जास्त वजन पडत असेल तर कुठलाही पंखा लावा, होडी कष्टानेच उचलेल. वरच्या उदाहरणात होडी २८० किलो, मशीन १००, सहा जण ३९०, बाकी ३०, म्हणजे ८०० किलो आणि ४० एचपी. अगदी कडेवर. त्यात आणखी माणूस चढवायचा असेल तर पंखा निवडायचा प्रश्नच संपला, आणि बंदर खात्याच्या परवान्याचा सुरू झाला. तसंच मासेमारीची गोल बुडाची जड होडी पर्यटनाला लावली असेल तर तिच्याकडून उचलण्याची अपेक्षाच ठेवू नये. पाण्यावर न उचलणारी १८ फुटी होडी साधारण साडेपाच-सहा नॉटला अडते, म्हणजे ताशी दहा-अकरा किलोमीटर. त्यापुढे पेट्रोल जळतं, वेग वाढत नाही. तिला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा द्यावा आणि सावकाश न्यावं.

पंख्याला दोष देण्याआधी

आरपीएम कमी आला की लगेच पिच कमी करायला धावू नका. मागच्या वर्षी हाच पंखा, हीच माणसं आणि होडी उचलत होती ना? मग पंखा तोच राहिला, दुसरं काहीतरी बदललं.

सगळ्यात आधी तळ बघा. खाडीत नांगरून ठेवलेल्या होडीच्या बुडाला शेवाळ आणि बारीक कवचं धरायला फार वेळ लागत नाही, आणि खरखरीत तळ आरपीएम भरपूर खातो. होडी पुळणीवर ओढून हात फिरवा, डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागतं. आतलं पाणी उपसा. एक बादली दहा-पंधरा किलो, आणि फळ्यांखाली पाच-सात बादल्या सहज दडलेल्या असतात. फायबरच्या दुहेरी तळातल्या फोममध्ये पाणी शिरलं असेल तर तो जन्माचा पाहुणा. होडी वजनकाट्यावर घातल्याशिवाय कळत नाही, पण आधी सहा जणांना उचलणारी आता चार जणांनाही उचलत नसेल तर शंका घ्या.

मग केबल. एकाने दांडा पूर्ण फिरवायचा, दुसऱ्याने कव्हर काढून थ्रॉटल खरोखर शेवटपर्यंत उघडतंय का ते बघायचं. मशीन बंद ठेवूनच. केबल ताणली गेली की पाऊण उघडणीलाच पूर्ण थ्रॉटल समजून आपण बसतो.

इंधनाची परीक्षा रबरी फुग्यावर होते, पाइपमधला तो हाताने दाबायचा बल्ब. पूर्ण वेगात असताना फुगा चपटा पडत असेल तर त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला, अडथळा आहे. बहुतेकदा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलेला असतो. फुगा फुगलेलाच आहे पण हाताने दाबत राहिलं की आरपीएम चढतो, तर इंधन पंप कमजोर. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाला बसतं आणि पाइप तिथूनच शोषतो. पावसाळ्याआधी भरून ठेवलेली टाकी सप्टेंबरात तशीच जोडणाऱ्यांनी "मशिनीत दम नाय" म्हणायच्या आधी काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढून बघावं. दोन थर दिसले तर ते पेट्रोल मशीनमध्ये घालू नका.

आरपीएम २०००च्या आसपास येऊन अडला आणि वर जातच नाही, तर तो पंखा नव्हेच. मशीन तापल्यामुळे किंवा ऑइल कमी असल्यामुळे त्याने स्वतःला आवरलंय. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार मागून नीट येतेय का बघा. देवबागच्या रेतीत ते बारीक भोक तुंबणं नेहमीचं आहे.

फेरे खूप, होडी जागेवर

ही दुसरी वाट. इथे पिच वाढवायचा मोह होतो, आणि मूळ कारण तसंच राहतं.

एक कारण हवा. पंखा पृष्ठभागावरची हवा किंवा स्वतःच्याच एक्झॉस्टचा वायू ओढून घेतो, पाण्याऐवजी फेसात फिरतो आणि आरपीएम एकदम उसळतो. वळण घेताना किंवा लाटेवरून उतरताना हे ठळक जाणवतं. सगळे याला कॅव्हिटेशन म्हणतात, पण कॅव्हिटेशन वेगळं: पात्याच्या पाठीवर दाब इतका पडतो की पाणी थंड असतानाच उकळतं, आणि ते बुडबुडे फुटताना धातू कुरतडतात. पात्यावर बारीक खड्ड्यांचा चट्टा दिसला तर त्याच्या पुढची कड तपासा, तिथे ठेच लागलेली सापडेल. ती कानस मारून गुळगुळीत केली की चट्टा वाढायचा थांबतो.

हवेच्या त्रासात आधी मशीनची उंची बघावी. गिअरकेसच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाच्या पातळीत हवी, फार तर इंचभर वर. सरळ लाकडी पट्टी तळाला लावून मागे धरली की लगेच दिसतं. छोट्या शाफ्टचं मशीन १५ इंची ट्रान्समसाठी (मशीन टांगायच्या मागच्या फळीसाठी) असतं, लांब शाफ्टचं २० इंची. वापरलेलं मशीन घेताना या पाच इंचांची गल्लत झाली तर पंख्याने ती भरून निघत नाही. उंची बरोबर असेल तर ट्रिम, म्हणजे मशीनचा कल, बघा. मशीन फार बाहेर कललेलं असलं तर नाळ उचलते आणि वळताना पंखा हवा गिळतो. खिळीची जागा एक भोक आत घेतली तरी फरक पडतो. तळाखाली कील (मधला कणा) असेल आणि ती ट्रान्समपर्यंत आलेली असेल तर तिच्यामागचं ढवळलेलं पाणी थेट पंख्यावर येतं. शेवटचा फूटभर भाग निमुळता करून घेतला की पाणी स्वच्छ जातं. हबच्या मागच्या टोकाची किंचित पसरलेली कड तुटलेली नाही ना, हेही बघा. ती एक्झॉस्टला पात्यांपासून लांब ठेवते, तुटली की वायू मागे जाण्याऐवजी पात्यांवर येतो.

दुसरं कारण हबमधला रबरी बुश. खडकाला धडक बसली तर गिअर वाचावेत म्हणून पंखा शाफ्टला रबरातून बसवलेला असतो. हे रबर सुटलं की हळू चालवताना सगळं ठीक, थ्रॉटल वाढवलं की मशीन ओरडतं आणि होडी मागे पडते. पारखायला रंगाची पेन्सिल पुरते. पंखा काढून आतल्या पितळी नळीपासून रबरावरून बाहेरच्या हबपर्यंत एक सरळ रेघ ओढा, बसवा, एक फेरी मारा, पुन्हा काढा. रेघ तुटून सरकलेली दिसली तर बुश गेला. नवा बुश दाबून बसवता येतो. तोवर हळू थ्रॉटलवर किनारा गाठता येतो, पर्यटक घेऊन मात्र निघू नका.

पंखा काढलाच आहे तर शाफ्टवर नायलॉनची दोरी किंवा जाळ्याचा धागा गुंडाळलाय का बघा. तो ऑइल सील कापतो. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर पाणी आत गेलंय, आणि तेव्हा पंख्याची निवड बाजूला ठेवून आधी सील बदलायचं.

दर हंगामात तेच का होतं

आपल्याकडचं पाणी पंख्याला खातं. कर्लीच्या मुखाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात, आणि रेतीच्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या पात्यांची टोकं झिजत जातात. व्यास थोडा कमी होतो, कडा पातळ होतात, फेरे वाढतात, पकड घटते. हे इतकं हळूहळू होतं की चालवणाऱ्याला कळत नाही. मालवणच्या किल्ल्याभोवती उलट खडक, तिथे पात एका फटक्यात वाकतं.

मग तो पंखा जातो वेल्डिंगवाल्याकडे. तो भर टाकतो, हातोडीने सरळ करतो, घासून चकचकीत करून देतो. दिसायला नवा. पण पातं डोळ्याने सरळ केलं की तिन्ही पात्यांचा पिच एकसारखा राहीलच असं नाही. एक ११चं, एक साडेबाराचं, आणि कोरलेला आकडा १३. अशा पंख्यावरून पुढचा पंखा निवडायला गेलात की सगळा हिशोब चुकतो. दुरुस्ती करायची तर पिच ब्लॉकवर (ठरलेल्या पिचच्या साच्यावर) ठोकणाऱ्याकडे द्या. जवळ कुणी नसेल तर किरकोळ वाक सोडून ॲल्युमिनियमच्या दुरुस्तीवर पैसे घालू नका, नवाच घ्या. पात्याच्या मुळाशी तडा असेल तर वेल्डिंग मुळीच नको. पूर्ण फेऱ्यात सुटलेलं पातं कुठे जाईल ते सांगता येत नाही, आणि असमतोल झालेला शाफ्ट गिअरकेससकट नुकसान करतो.

चार पाती, स्टील आणि तापोळा

चार पात्यांचा पंखा वळणात पकड सोडत नाही, कमी वेगाला होडी उचलून धरतो आणि कंपनं कमी देतो. वरचा वेग थोडा जातो. ओढकाम करणाऱ्यांना आणि सतत भरून जाणाऱ्यांना मी तोच सुचवतो. फक्त तीनवरून चारवर जाताना पिच साधारण एक इंचाने कमी घ्या, नाहीतर दबलेलं मशीन आणखी दबेल.

स्टेनलेस स्टीलचा पंखा पातळ पात्यांचा, न वाकणारा, रेतीला टिकणारा. वेग थोडा जास्त देतो, किंमत ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट. खडकाळ किनाऱ्यावर त्याचा न वाकण्याचा गुणच अंगावर येतो, कारण तो फटका पुढे गिअरना देतो. मऊ पंखा वाकून स्वतः मरतो आणि गिअर वाचवतो. ६० एचपीच्या आत, मालवणसारख्या पाण्यात, मला स्टीलचा फायदा पटलेला नाही. खोल, स्वच्छ पाण्यात चालवणाऱ्याचं गणित वेगळं असू शकतं.

किनाऱ्यावरची होडी विकत घेऊन महाबळेश्वरजवळच्या तापोळ्याला नेणाऱ्यांसाठी एवढंच: तिथल्या शिवसागर (कोयना धरणाच्या) जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर आहे. दर ३०० मीटरला मशीनची ताकद साधारण तीन टक्के घटते, म्हणजे तिथे सहा-सात टक्के गेलीच. इंजेक्शनचं मशीन इंधनाचं प्रमाण सावरून घेतं, पण विरळ हवा काही दाट करू शकत नाही. शिवाय गोड्या पाण्यात होडी किंचित खोल बसते. मालवणात नेमका बसलेला पंखा तिथे एक इंच जास्त वाटतो. एप्रिल-मेच्या उष्ण हवेचाही थोडाफार असाच परिणाम होतो, म्हणून चाचणी थंडीत घेतली असेल तर खालच्या आकड्यावर शंभरेक आरपीएम हाताशी ठेवून पंखा निवडा.

घेताना आणि बसवताना

दुकानात जाताना जुना पंखा, मशीनचं पूर्ण मॉडेल आणि ते चार आकडे घेऊन जा. आरपीएम आणि पिचबरोबर स्प्लाइनची (शाफ्टवरच्या दात्यांची) संख्या आणि गिअरकेसचा व्यास जुळला पाहिजे. एचपी सारखा म्हणून पंखा बसेलच असं नाही. शक्य असेल तर परत घेण्याच्या बोलीवर दोन पिचचे पंखे आणा, ओरखडा न पाडता चाचणी घ्या, एक परत करा. ओळखीचे दुकानदार देतात, विचारायला संकोच करू नका.

बसवताना मशीन बंद, इंजिन बंद करणारी दोरी काढलेली, गिअर न्यूट्रलमध्ये. स्प्लाइनला मरीन ग्रीस भरपूर लावा. साधं ग्रीस खाऱ्या पाण्यात धुऊन जातं आणि पुढच्या वेळी पंखा शाफ्टला चिकटलेला मिळतो. पुढचा थ्रस्ट वॉशर उलटा बसवू नका, त्याची निमुळती बाजू शाफ्टच्या उताराला बसते. हा वॉशर राहिला तर पंखा गिअरकेसवर घासतो. नट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळा. पात अडवायला हात नको, लाकडी ठोकळा लावा. कॉटर पिन दरवेळी नवी, स्टेनलेसची, आणि तिची टोकं पूर्ण मागे वळवलेली. पहिल्या दिवसाच्या फेऱ्या झाल्या की नट पुन्हा तपासा.

जुना पंखा वाकडा नसेल, नुसता पिच जास्त असेल, तर तो भंगारात देऊ नका. रिकाम्या होडीने लांब जायचं असेल, डॉल्फिन दाखवायला दोघा-चौघांनाच नेलं असेल, तेव्हा तोच कामाला येतो. नाहीतर खडकाला नवा पंखा गमावल्यावर किनारा गाठायला तरी. तो होडीत नटाच्या मापाचा पाना, लाकडी ठोकळा, एक जादा नट-वॉशर आणि दोन-तीन कॉटर पिनांसकट एकाच पिशवीत बांधून ठेवा, आणि पिशवीला तरंगणारा फुगा लावा. पाण्यात उभं राहून पंखा बदलताना हातातून निसटणारी पहिली वस्तू पाना असतो.